राजधानीचा नकाशा आणि गावाची वेस
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकीत आधी कापसाचा भाव, मग विजेची बिले, मग पीकविमा असे विषय असतात. आज त्यात 'शहरांची आखणी' हा विषय पाहून काही जणांनी आम्हाला सकाळीच विचारले, की आता काय बिल्डरांची संघटना काढायची आहे का? तसे काही नाही. गेल्या काही महिन्यांत तालुक्यांच्या बैठकांना फिरताना एकच तक्रार चार-पाच ठिकाणी ऐकली. गावाला लागून असलेल्या शेतावरून नकाशात रेघ गेली, शेत कुठल्याशा रंगाच्या पट्ट्यात पडले, आणि मालकाला ते कळले दुसऱ्याच्या तोंडून. एका म्हाताऱ्या कास्तकाराने आम्हाला विचारले, "नकाशा काढणारा माणूस आमच्या धुऱ्यावर आला तरी होता का?" आला नव्हता. का आला नाही, हे शोधत मागे गेलो तर थेट दिल्लीच्या तख्तापर्यंत जाऊन पोचलो. म्हणून आज थोडा वेळ मागून घेतला आहे.

तुम्ही कापसाची बंडी घेऊन, आता बहुतेक जण ट्रॅक्टर घेऊन, जिल्ह्याच्या गावाला जाता. अमरावती घ्या नाहीतर अकोला घ्या. एकीकडे जुने गाव. त्यात बोळ, देऊळ, मशीद, सराफा, धान्याच्या पेढ्या. दुसरीकडे कॅम्प किंवा सिव्हिल लाइन. तिथे सरळ रुंद रस्ते, दुतर्फा कडुनिंब, साहेबाचा बंगला, आणि बंगल्याभोवती एवढे आवार की आपल्यातल्या एखाद्याची सगळी जमीन त्यात मावावी. आणि या दोन्हींच्या कडेला तिसरे गाव आहे, स्टेशन, जिनिंग, प्रेस आणि कापूस बाजाराचे. आपण लहानपणापासून हे पाहतो, त्यामुळे नदी-डोंगरासारखे ते आपोआप झाले असावे असे वाटते. ते आपोआप झालेले नाही. कोणीतरी, ठराविक साली, ठराविक हेतूने ते कागदावर काढले आहे. आणि ज्याने गाव काढले, त्याने त्याबरोबर आणखी एक गोष्ट काढली. या देशात मधोमध कोण बसणार आणि वेशीबाहेर कोण उभा राहणार, हेही त्याच कागदावर ठरले.

गाठीवरून काढलेली गावे

१८५३ साली निजामाच्या देण्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्या वेळी इंग्लंडच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची चाके थांबायला लागली. तेव्हा इंग्रजाला वऱ्हाडची काळी जमीन आठवली. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस कमिशनर नेमला गेला. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा सुरू झाला. आठ मैलांचा फाटा. त्याच्या उद्‌घाटनाला देशाचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः हजर होता. आठ मैलांच्या रुळासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या रुळावरून काय जाणार होते त्याची किंमत कळावी.

हा नकाशा नेहमीसारखा वाचला तर कळत नाही. तो उलटा वाचावा लागतो. सुरुवात लिव्हरपूलच्या गोदामात करायची. तिथून मागे या, मुंबईचे बंदर. बंदरापासून मागे या, रेल्वे. रेल्वेच्या अंगाला प्रेस, कारण मोकळी रुई डब्यात भरणे परवडत नाही, गाठ दाबूनच जावी लागते. प्रेसच्या अंगाला बाजार. आणि सगळ्यात शेवटी, रेघ संपते तिथे, तुमचे शेत. बाजाराची जागा ठरवताना शेतकऱ्याला कुठून यायला सोयीचे हा हिशेब नव्हता. स्टेशनापर्यंत गाठ न्यायला काय खर्च येतो, हा होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. बाजार नियंत्रित करणारा हा देशातला पहिला कायदा. मापात पाप कमी झाले, दलालीला काही बंधन आले. पण त्या कायद्याखालच्या समित्यांवर बसले व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे. कापूस ज्याचा, त्याला खुर्ची नव्हती. बाजाराच्या आवारात बैलांना पाणी पाजायची सोय होती, आणि बैलांच्या मालकाचाही दर्जा साधारण तेवढाच होता.

त्या कायद्याच्या मागच्या-पुढच्याच वर्षांत, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, वऱ्हाडात दुष्काळ पडला. रेल्वे होती, तारायंत्र होते, बाजार होते, आणि तरीही माणसे मेली. पूर्वी ज्वारी पेवात पडून असायची, वाईट साल निघून जायचे. रूळ आल्यावर ज्वारीलाही बाहेरचा भाव लागला आणि पेवे रिकामी झाली. कापसाच्या पेऱ्याने ज्वारीची जमीन खाल्ली ती वेगळीच. कापूस लावू नका असे आम्ही म्हणत नाही, कधी म्हटलेही नाही. पण कापूस न्यायला जेवढी वाट केली, तेवढी धान्य आणायला केली नाही, हे नकाशात दिसते.

आपल्या पैशाचे शहर

आता रुळावरून मुंबईला चला. अमेरिकेच्या युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबईत कापसापोटी जो जादा पैसा आला, तो त्या काळच्या लोकांनी ८ कोटी पौंडांच्या घरात धरला आहे. १८६२ मध्ये सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर झाला आणि त्याने मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडायला काढले. तटाच्या जागी नवे शहर उभे राहिले. सचिवालय १८७४ चे. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर १८७८ चे. टॉवरचा पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, आणि ते कापसाचे सर्वांत मोठे सटोडिये होते. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर काही महिन्यांत दसपट झाले. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, बँका बुडाल्या. मुंबईत त्या दिवाळखोरीच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. वऱ्हाड-खानदेशात त्याच पडत्या भावात कोणाकोणाची शेती सावकाराकडे गेली, ती गोष्ट कोणी रंगवत नाही.

बोरीबंदरचे स्टेशन तुम्ही पाहिले असेल. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्याला तिचे नाव मिळाले. १९९६ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव दिले. पुढच्या वेळी मोर्चाला गेलात तर जरा मान वर करून बघा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह त्यांचा, वाघ आपला. आणि वर, इमारतीच्या माथ्यावर, व्यापार, अभियांत्रिकी आणि शेती यांचे पुतळे बसवले आहेत. शेतीला जागा मिळाली ती छपरावर. तिथून थोडे पुढे क्रॉफर्ड मार्केट, १८६९ चे. त्याच्या दारावर हिंदी शेतकऱ्यांची दगडी चित्रे आहेत, लॉकवुड किपलिंग नावाच्या कलाशिक्षकाने काढलेली. चित्रे सुंदर आहेत, नाकारायचे कारण नाही. दगडातला शेतकरी भाव मागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

नागपूरलाही तेच. टाटांची गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस. भांडवल देशी, कापूस देशी, कामगार देशी, नाव राणीचे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्तीत समुद्राची हवा शिरली पाहिजे म्हणून ट्रस्टने वस्तीतून सरळ रस्ते कापले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि मोहम्मद अली रोड हे त्यातलेच. रस्ता झाला, हवा आली. ज्यांच्या खोल्या पाडल्या ते बहुतेक शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहायला गेले. त्यात पुष्कळ जण गावाकडून पोट भरायला आलेलेच होते.

इथे आपल्या विषयाची खरी गाठ आहे. हिंदुस्थान हे एक राष्ट्र आहे असे म्हणणारी पहिली मंडळी याच शहरात, याच इमारतींत तयार झाली. विद्यापीठ १८५७ चे, हायकोर्टाचे वकील, वर्तमानपत्रांचे संपादक. १८८५ मध्ये काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईतच भरले, ७२ प्रतिनिधी होते. त्या लोकांची देशभक्ती खोटी होती असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. दादाभाईंनी देशातून संपत्ती वाहून जाते हे आकड्यांनिशी मांडले, त्याच आकड्यांवर आपली संघटना आजही भांडते. पण त्यांनी देश पाहिला तो टॉवरच्या घड्याळाखाली उभे राहून. तिथून बंदर स्पष्ट दिसते, शेत दिसत नाही.

हे ज्याच्या लक्षात आले होते तो माणूस पुण्याला होता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याला तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. १८८८ मध्ये राणीचा मुलगा, कॅनॉटचा ड्यूक, पुण्यात असताना त्याच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. दागिने घातलेली, शालजोड्या पांघरलेली मंडळी आली. जोतीराव गेले ते शेतकऱ्याच्या वेशात. आणि त्यांनी ड्यूकला सांगितले, की इथे दिसते आहे तो हिंदुस्थान नव्हे, राणीची खरी प्रजा पाहायची असेल तर खेड्यांत जा. ड्यूक खेड्यात गेला नाही. तो पुढे कुठे गेला ते आता सांगतो.

रायसीनाची टेकडी

१२ डिसेंबर १९११ रोजी पाचव्या जॉर्ज राजाने दिल्लीच्या दरबारात जाहीर केले, की राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला येणार. कलकत्त्यात बंगालचे लोक फार बोलू लागले होते. तीन दिवसांनी पायाचे दगड बसवले, ते शहराच्या उत्तरेला. पुढे जागा पसंत पडेना. समितीने हिंडून दक्षिणेकडची रायसीनाची टेकडी निवडली, आणि राजाने बसवलेले दगडही हलवावे लागले. दगडांना तेवढा मान होता.

टेकडी ओसाड नव्हती. रायसीना, मालचा अशी गावे तिथे नांदत होती. ही जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली. हो, तोच कायदा. धरणासाठी, कारखान्यासाठी, रस्त्यासाठी 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द लिहून ज्याने आपल्या आजोबांची, वडिलांची आणि आपली जमीन घेतली, तोच. तो थेट २०१३ मध्ये नवा कायदा होईपर्यंत चालला. मालच्याचे बरेच लोक सोनिपतच्या बाजूला हरसाना कलान गावात जाऊन राहिले. रीतसर मोबदला मिळाला नाही, ही त्यांच्या वंशजांची तक्रार शंभर वर्षांनंतरही कायम राहिली. मालच्याचे नाव दिल्लीत टिकले आहे. मालचा मार्ग नावाचा रस्ता आहे, श्रीमंत वस्तीतला.

लुट्येन्स आणि बेकर या दोन इंग्रज वास्तुशिल्पींनी राजधानी आखली. टेकडीच्या माथ्यावर व्हाइसरॉयचे घर, ३४० खोल्यांचे. त्याच्या पुढ्यात दोन बाजूंना सचिवालये. तिथून खाली सरळ जाणारा किंग्जवे, म्हणजे राजाचा रस्ता, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला युद्धस्मारकाची कमान, इंडिया गेट. साहेबांचे बंगले मधोमध, एकेका बंगल्याला प्रचंड आवार. जसजसा हुद्दा उतरत जाईल तसतसे घर लहान आणि टेकडीपासून दूर. कारकुनांच्या चौकोनी वसाहती बाजूला, शिपायांच्या खोल्या त्याहून पलीकडे. माणसाचा पत्ता सांगितला की त्याचा पगार कळावा, अशी सोय. आपल्याकडे गावगाड्यात जातीप्रमाणे आळ्या होत्या, म्हणून आपण मागासलेले. साहेबाने पगाराप्रमाणे आणि कातडीच्या रंगाप्रमाणे आळ्या केल्या, ती शास्त्रशुद्ध नगररचना.

लुट्येन्स आणि बेकर यांचे एका गोष्टीवरून मोठे भांडण झाले, वर्षानुवर्षे बोलणे तुटले. रस्त्याच्या चढामुळे खालून येताना व्हाइसरॉयचे घर काही अंतर दृष्टीआड होते. हा चढ कमी करावा की नाही, हे भांडणाचे कारण. जी दोन-चार पावले घर दिसत नाही त्यांच्यासाठी एवढे रण माजले. जी गावे कायमची दिसेनाशी झाली त्यांच्याबद्दल दोघांचेही काही म्हणणे नव्हते.

आणखी एक गोष्ट बघा. लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा कुठे बसणार? मूळ आराखड्यात तिच्यासाठी वेगळी इमारतच नव्हती. १९१९ च्या सुधारणांनंतर सभासद वाढले, तेव्हा कुठेतरी बसवायचे म्हणून मुख्य रेघ सोडून एका बाजूला गोल इमारत काढली. तीच पुढे आपली संसद झाली, २०२३ मध्ये शेजारी नवी इमारत होईपर्यंत. म्हणजे आराखड्यात मधोमध हुकूम देणारा, आणि लोकांचा प्रतिनिधी मागाहून बाजूला बसवलेला.

त्या गोल इमारतीची आणि इंडिया गेटची कोनशिला १९२१ मध्ये बसवली कोणी? कॅनॉटच्या ड्यूकने. जोतीरावांनी ज्याला खेड्यात जायला सांगितले, तो तेहतीस वर्षांनी या टेकडीखाली येऊन दगड बसवून गेला. कॅनॉट प्लेस हे नाव त्याचेच.

१९३१ च्या फेब्रुवारीत राजधानीचे थाटात उद्‌घाटन झाले. सचिवालयाच्या भिंतीवर इंग्रजीत एक वचन कोरले आहे. स्वातंत्र्य वरून खाली उतरत नाही, लोकांनीच त्याच्या लायकीपर्यंत चढावे लागते, असा त्याचा आशय. सोळा वर्षांनी इंग्रज गेला. वचन तिथेच राहिले, त्याखालून फायली घेऊन जाणारे आता आपले लोक होते.

घर तेच, मालक नवा

गांधीजींनी सुचवले होते, की व्हाइसरॉयच्या घराचे इस्पितळ करा. तसे झाले नाही. २६ जानेवारी १९५० रोजी ते राष्ट्रपती भवन झाले, किंग्जवेचा राजपथ झाला, क्वीन्सवेचा जनपथ. दरवर्षी २६ जानेवारीला राष्ट्र म्हणून आपण जे चित्र पाहतो, वर्तमानपत्रात, टीव्हीवर, शाळेच्या भिंतीवर, ते त्याच रस्त्याचे आहे. राजाची मिरवणूक जावी म्हणून आखलेल्या रस्त्यावरून राज्याराज्यांचे चित्ररथ जातात, त्यात नांगरधारी शेतकरीही असतो, बहुतेक वेळा थर्माकोलचा. २०२२ मध्ये राजपथाचे नाव कर्तव्यपथ झाले. नावे बदलल्याने काही होत नाही असे आम्ही म्हणणार नाही, नावालाही किंमत असते. पण रेघ तीच आहे.

कोणी म्हणेल, मग काय त्या इमारती पाडायच्या? मुळीच नाही. पाथरवट आपले, दगड आपला, पैसा आपला. तक्रार इमारतीची नाही. देश कसा दिसतो याचे जे चित्र इंग्रजाने स्वतःच्या सोयीसाठी काढले, तेच आपण आपला चेहरा म्हणून भिंतीवर लावले, ही आहे. गोऱ्याच्या खुर्चीवर काळा बसला हे आपण नेहमी म्हणतो. खुर्ची कोणत्या खोलीत होती आणि ती खोली कोणत्या टेकडीवर होती, हे बघायचे राहून गेले. स्वतंत्र भारताने नवीन शहर बांधले, चंदीगड, तेही शेतकऱ्यांची गावे उठवूनच.

ऑक्टोबर १९८८ मध्ये महेंद्रसिंह टिकैत यांच्याबरोबर लाखो शेतकरी त्या राजपथाजवळच्या बोट क्लबच्या हिरवळीवर जाऊन बसले, आठवडाभर. चुली पेटल्या, हुक्के पेटले, गुरेही होती. दिल्लीच्या काही वर्तमानपत्रांना सगळ्यात मोठे दुःख झाले ते हिरवळ खराब झाल्याचे. पुढे काही वर्षांतच तिथे सभा घ्यायला बंदी आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी सरसकट बंदी घालता येणार नाही.

२०२० च्या नोव्हेंबरात पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीकडे निघाले. त्या तीन कायद्यांबद्दल आपल्यातच दोन मते होती आणि आहेत, तो वाद आज उकरायचा नाही. प्रश्न जागेचा आहे. त्यांना सिंघूला, टिकरीला, गाझीपूरला, म्हणजे राजधानीच्या वेशीवर अडवले. सिमेंटचे अडथळे घातले, रस्त्यात खिळे ठोकले. वर्षभर ते तिथेच राहिले. सिंघूवरून पुढे जाणारा रस्ता सोनिपतला जातो. १९११ नंतर मालच्याची माणसे ज्या बाजूला गेली, ती हीच बाजू.

एक स्कॉटिश माणूस

सगळे नगररचनाकार एकाच माळेचे मणी होते असे मात्र नाही. पॅट्रिक गेडीस नावाचा एक स्कॉटिश विद्वान १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. पुढे तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचे म्हणणे असे, की पट्टी घेऊन सरळ रस्ता मारण्याआधी गावात पायी फिरा. विहिरी कुठे, झाडे कुठे, माणसे कुठे बसतात, हे बघा. डॉक्टर रोगी बघितल्याशिवाय औषध देत नाही. जुन्या वस्तीत दोन-चार पडकी घरे काढली तरी हवा येते, सगळी आळी पाडायची गरज नसते आणि खर्चही थोडा येतो. होळकरांच्या इंदूरला प्लेग होता तेव्हा त्याने दिवाळीत एक मिरवणूक काढली. ज्या आळ्या जास्त स्वच्छ असतील त्यांतून मिरवणूक जाणार असे जाहीर केले. आळ्यांत झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा पुतळा होता, तो शेवटी जाळला. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या सोजिरांनी लोकांच्या देवघरापर्यंत घुसून जे केले, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा. रोग तोच, सरकारची ताकदही कमी नव्हती. एकाने लोकांना विचारले, दुसऱ्याने विचारले नाही.

गेडीसची पुस्तके नगररचनेच्या अभ्यासक्रमात आहेत. जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत मात्र अजून पट्टीचेच राज्य आहे.

आता आपल्या शेताकडे येऊ. २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांची तपासणी आणली, खासगी प्रकल्पाला संमतीची अट घातली. पण राज्याचे आपले वेगळे कायदे आहेत, औद्योगिक वसाहतींचा १९६१ चा आणि नगररचनेचा १९६६ चा. जमीन तिकडूनही जाते. समृद्धी महामार्गाच्या कडेने नवनगरे आखायचा बेत आला तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याला प्रथमच ऐकू आले, की तुझ्या ज्वारीच्या शेतात शहर होणार. काहींना ते हवे होते, त्यात चूक नाही. जमीन विकायचे स्वातंत्र्य हे आपल्या संघटनेचे जुने मागणे आहे. विकायची की नाही आणि किती भावाने, हे मालकाने ठरवायचे, एवढेच आपले म्हणणे. हिरवा पट्टा म्हणून रंगवले की भाव पडतो, पिवळा म्हणून रंगवले की भाव चढतो. बहुतेक वेळा रंग चढायच्या आधीच जमीन दुसऱ्याच्या नावावर गेलेली असते. रंगपेटी कोणाच्या हातात आहे, हा आपला प्रश्न आहे.

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठराविक मुदत असते. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते, आपल्यातला कोणी ती वाचत नाही, आणि मुदत संपल्यावर आपण रास्ता रोको करतो. म्हणून तीन कामे ठरवून घेऊ. ज्या गावांची शिवारे शहराला लागली आहेत, त्या गावांच्या शाखाप्रमुखांनी नगरपालिकेत किंवा नगररचना कचेरीत जाऊन चालू आराखड्याचा नकाशा मागायचा. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, अर्जाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. दुसरे, नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावायचा आणि प्रत्येकाने आपला गट नंबर त्यात शोधायचा. मायबहिणींनीही शोधायचा, सातबारावर त्यांचे नाव आहे की नाही तेही त्याच वेळी कळेल. तिसरे, हरकत एकट्याने न टाकता गावाने मिळून टाकायची, आणि सुनावणीला ज्याचे शेत आहे त्यानेच उभे राहायचे, पुढाऱ्याने नव्हे.

आमच्याकडे आत्तापर्यंत दोनच तालुक्यांचे नकाशे जमले आहेत. ते चहाच्या वेळी बाहेर मांडू. आता वीजबिलाचा विषय घ्यायला हरकत नाही.